गंध लागलेला स्क्रू

"बाई, हा कुठचा?"

रघुनाथरावांनी माझ्या टेबलावर, कॉफीच्या टंबलरशेजारी, एक स्क्रू ठेवला. सकाळचे साडेआठ वाजले होते. समोरच्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, आमचं विमान उभं होतं आणि पोर्ट ब्लेअरला जाणारे प्रवासी त्यात चढायला लागले होते. ते विमान तीन आठवडे आमच्या हँगरमध्ये होतं. आदल्या संध्याकाळी 'उड्डाणास योग्य' म्हणून मीच सही करून सोडलं होतं.

स्क्रू उचलून पाहिला. बोटाच्या पेराएवढा. डोक्यावर गंधाचा वाळलेला ठिपका आणि त्यावर कुंकू. मी तो लगेच ओळखला. कारण ते गंध मी स्वतः लावलं होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं. मी मूळची मिरजेची. चेन्नईत बावीस वर्षं झाली. विमान मेंटेनन्स इंजिनिअर आहे, म्हणजे विमान चालवत नाही, त्याची दुरुस्ती झाली की नाही ते बघून सही करते. मिरजेतल्या एका आत्याला अजून वाटतं की मी विमानात चहा देते. तिचा गैरसमज दूर करायचं मी आता सोडून दिलंय. मात्र एक गोष्ट तिला नेहमी सांगते: माझी सही झाल्याशिवाय विमान हलत नाही, आणि मी थांब म्हटलं तर थांबतं. हे ऐकून आत्या म्हणते, "मग तुझा नवरा कसा नाही थांबत?" असो.

हँगर म्हणजे विमानाचं गॅरेज. दर काही वर्षांनी विमान तिथे आणून जवळजवळ सोलून काढतात. बाहेरची झाकणं उतरवून आतल्या वायरी, नळ्या, सांगाडा सगळं तपासतात. या झाकणांना आम्ही पॅनेल म्हणतो. पोट आणि पंख जिथे जुळतात तिथली पॅनेल विमानाचा भार उचलत नाहीत. त्यांचं काम एवढंच की वाऱ्याला खाचखळगा न लागता पुढे जाऊ देणं. काम साधं वाटतं. पण तोच वारा ताशी आठशे किलोमीटरने येतो तेव्हा तो वारा राहत नाही. चालत्या गाडीतून तळहात बाहेर काढून पाहिला असेल, तर त्याच्या कितीतरी पट धक्का मनात आणा. लोणच्याच्या बरणीवरच्या लेबलाचा एक कोपरा सुटला की पूर्ण लेबल निघायला वेळ लागत नाही. पॅनेलची समोरची कड सुटली की तसंच होतं. फरक इतकाच, की निघालेलं पॅनेल मागे जाऊन शेपटीवर आदळू शकतं, किंवा खाली एखाद्याच्या घरावर पडू शकतं. मी पल्लावरमला राहते. उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. पॅनेलचा विचार मी दोन्ही बाजूंनी करते.

तर हे पोटाखालचं एक पॅनेल, परातीच्या दुप्पट. एकोणचाळीस स्क्रूंवर बसतं. समोरच्या कडेला अकरा, ते जरा लांब, कारण तिथे दोन थर एकावर एक येतात. बाकीच्या तिन्ही बाजूंना अठ्ठावीस, ते आखूड. दोघांची डोकी अगदी सारखी. लांबीतला फरक तांदळाच्या दाण्याहून कमी. म्हणून पद्धत अशी, की पॅनेल उतरवलं की त्याचे स्क्रू कापडी पिशवीत घालायचे, पिशवी त्याच पॅनेलला बांधायची आणि वर टॅग लावायचा. लांब वेगळ्या पिशवीत, आखूड वेगळ्या. खराब आटे असलेला स्क्रू दिसला तर तो तिथल्या तिथे लाल डब्यात, म्हणजे भंगारात. त्याच्या जागी स्टोअरच्या खुल्या खणातून नवा घ्यायचा.

ही पद्धत मी नवीन मुलांना दरवर्षी शिकवते. आणि ती मीच मोडली.

त्या वर्षी विमान हँगरमध्ये असतानाच आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात तीच. पण आपण घरात कोयता, सुरी, पुस्तकं मांडून हात जोडतो आणि जेवायला बसतो. तमिळनाडूत हा सण कारखान्यांचा आहे. ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यांपासून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळे आदल्या दिवशी आपापली अवजारं घासतात, पुसतात. प्रत्येकाला गंध-कुंकू लावतात. दारात कोहळा फोडतात, चुरमुरे-डाळे वाटतात. पूजेच्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. त्यांची सुट्टी असते. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा नमस्कार करून काम सुरू.

पहिल्या वर्षी मी हे बघून हसले होते. नंतर हसू गेलं. मोठमोठे पाने, ड्रिल, जॅक, सगळ्यांच्या कपाळी गंध. ज्यांनी वर्षभर साथ दिली त्यांचे आभार मानायचे, याहून शहाणा सण मला तरी ठाऊक नाही.

पण मला थोडं जास्तच भरून येतं, हा माझा स्वभाव. आदल्या दिवशी सगळे पाने-हातोडे घासत होते आणि मी म्हटलं, "पान्यांना आंघोळ, मग स्क्रूंनी काय पाप केलं? विमान धरून कोण ठेवतं?" सगळे हसले. मला चेव चढला. समोरच्या पॅनेलच्या दोन्ही पिशव्या मी सोडल्या, स्क्रू सॉल्व्हंटमध्ये धुतले आणि रघुनाथरावांच्या पितळी ताटात केळीचं पान घालून मांडले. समोर लांब, मागे आखूड, मधे झेंडूची ओळ. एकोणचाळीस स्क्रूंना एकोणचाळीस ठिपके. फोटोही काढले. रघुनाथराव बाजूला उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बाई, पिशवी पिशवीतच बरी." मी म्हटलं, "मांडलेत ना वेगवेगळे!" ते परत पाने पुसायला लागले. शेवटी मी इंजिनिअर आणि ते टेक्निशियन.

रघुनाथरावांची ओळख इथेच करून देते. तंजावरच्या मराठी घराण्यातले. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज दक्षिणेत आले. पत्र्याच्या कामात छत्तीस वर्षं गेलेली, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. हँगरमध्ये त्यांना 'राव सार' म्हणतात. माझ्याशी ते त्यांच्या जुन्या मराठीत बोलतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अर्धंच कळलं, कारण सूर तमिळ आणि शब्द माझ्या पणजीच्या काळातले. त्यांची एक सवय होती. कुठलंही पॅनेल बंद झालं की ते त्यावरून तळहात फिरवायचे, पुढून मागे, वारा जातो त्या दिशेने. त्यांचा हात फिरल्याशिवाय मी सहसा सही करत नसे. पण हा कुठल्या मॅन्युअलात लिहिलेला नियम नव्हता.

विजयादशमीला ते रजेवर होते. नातीचा अक्षरअभ्यास होता. त्या दिवशी मुलांना तांदळात पहिलं अक्षर काढायला बसवतात. दुसऱ्या शिफ्टच्या पोरांनी ताटातले स्क्रू घेतले, गंध पुसलं आणि पॅनेल बसवलं. तोवर कुणीतरी ताट उचलून बाजूला ठेवलं होतं आणि माझी सुरेख मांडणी कधीच विस्कटली होती. एक स्क्रू कमी पडला, तो त्यांनी खणातून घेतला. असं नेहमीच होतं. मी टॉर्च घेऊन पाहिलं. एकोणचाळीस भोकं, एकोणचाळीस स्क्रू, सगळ्यांची डोकी पृष्ठभागाशी सपाट. सही केली.

आणि आता हा स्क्रू टेबलावर.

"ताट घरचं आहे म्हणून धुवायला घेटलों," रघुनाथराव म्हणाले. "पान काढलों तर खाली हा चिकटून होता. लांबवाला आहे, बाई."

मी मॅनेजरला फोन लावला. कार्तिकेयन हा माझा बॉस. वयाने लहान, हुशार, माणूस चांगला. धावतच आला. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं तमिळमध्ये चालतं. इथे मराठीत देते.

"रिजेक्ट पीस असेल, मॅडम," तो म्हणाला. "आटे खराब म्हणून बाजूला ठेवला असेल. त्याऐवजी नवा घेतला. पॅनेल फुल आहे ना?"

"फुल आहे."

"स्क्रू टाइट होते?"

"होते."

"मग झालं. बोर्डिंग संपत आलंय."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मला ते पटवून घ्यायचंही होतं, हे कबूल करते. विमान थांबवलं तर चौकशी होणार. चौकशीत पहिला प्रश्न येणार की पिशव्या कोणी सोडल्या. बावीस वर्षांत माझ्या नावावर एक डाग नव्हता. 'असेल' हा शब्द मला त्या क्षणी फार गोड वाटला. मी म्हटलंसुद्धा, "असेल."

रघुनाथरावांनी स्क्रू उचलून कार्तिकेयनच्या समोर धरला आणि तमिळमध्ये एक प्रश्न विचारला. मग माझ्याकडे वळून तोच मराठीत विचारला, "भंगाराला कोणी गंध लावतात कां, बाई?"

मी स्क्रू त्यांच्या हातातून घेतला.

"बाद असता तर आधीच लाल डब्यात गेला असता. ताटात आला नसता. आणि नंतर बाद करायचा तर पुसून, आटे पाहून करायला होणा. ह्याला तर कोणी पुसलाच नाही. ह्याला हातच लागला नाही. हा त्या झाकणाचा आहे, आणि त्या झाकणात नाही."

एवढं सरळ होतं ते. लायसन्स माझ्याकडे होतं, मॅन्युअल माझ्याकडे होतं आणि डोकं त्यांचं चाललं होतं. लांब स्क्रू ताटात राहिला, म्हणजे त्याच्या भोकात दुसरं काहीतरी बसलं होतं. आणि एक चुकला असेल तर मिसळलेल्या ताटातून आणखी किती चुकले असतील, देव जाणे.

"थांबव," मी म्हटलं.

कार्तिकेयनने एकदा माझ्याकडे पाहिलं. "शुअर?"

"पिशव्या मी सोडल्या होत्या. रिपोर्टमध्ये तसंच लिही. पण आधी थांबव."

 त्याने फोन उचलला आणि मेंटेनन्स कंट्रोलला 'होल्ड' सांगितलं. या गोष्टीसाठी मी त्याला कायम मानते.

बेवर पोचलो तेव्हा विमानाचं दार बंद होत होतं. ते पुन्हा उघडलं. कॅप्टन जिन्यावरून खाली आले.

"किती वेळ?"

"पॅनेल उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

"प्रवाशांना काय सांगू?"

"टेक्निकल रीझन."

"ते तर मी नेहमीच सांगतो," असं म्हणून ते वर गेले.

पोटाखाली वाकून उभे राहिलो. शेपटीतलं छोटं इंजिन चालू होतं. विमान उभं असताना वीज आणि एसी त्यावर चालतात, आणि त्याचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. माझा बेत साधा होता, की सगळे स्क्रू काढायचे. मी स्क्रूड्रायव्हर लावणार तेवढ्यात रघुनाथरावांनी हात वर केला. "पोरुंगो," म्हणजे थांबा.

त्यांनी खिशातून नाणं काढलं. नाण्याने ठोकून बघणं ही आमच्याकडची जुनी परीक्षा आहे. पॅनेलचे थर आतून सुटले असतील तर आवाज बद्द येतो, आपण मडकं वाजवून घेतो तसं. पण ती शांत हँगरमध्ये करायची. इथे स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता.

"काही ऐकू येणार नाही!" मी ओरडले.

त्यांनी मान हलवली. डावा तळहात कडेवर सपाट टेकवला, उजव्या हाताने नाणं हलकेच आपटलं आणि डोळे मिटून घेतले. आणि मग मला कळलं की ते कानाने ऐकतच नव्हते. एक ठोका. हात बोटभर सरकवला. दुसरा ठोका. तिसऱ्याला ते थांबले, पुन्हा ठोकलं, आणि डोळे न उघडताच माझ्यापुढे हात केला. मी टेपचा तुकडा दिला. तो त्यांनी त्या स्क्रूशेजारी चिकटवला. समोरच्या कडेचे अकरा स्क्रू व्हायला चारेक मिनिटं लागली असतील. आठव्यापाशी ते बराच वेळ घुटमळले, मग टेप न लावता पुढे गेले. शेवटी चार टेप लागले. तीन कोपऱ्यात ओळीने आणि एक जरा लांब.

मीही हात लावून पाहिला. त्यांच्यासारखाच टेकवला, नाणं आपटलं. मला सगळं एकसारखं लागलं, गार आणि गुळगुळीत.

मग मी अकराच्या अकरा स्क्रू काढले. काढताना क्रमाने टेपवर चिकटवत गेले, या वेळी मात्र नियमाने. सात लांब होते. चार आखूड. टेप लावलेले ते चार. एकही इकडेतिकडे नाही.

त्या आखूड स्क्रूंनी जेमतेम दोन आटे पकडले होते. दोन आट्यांवरही स्क्रू घट्ट लागतो, स्क्रूड्रायव्हर थांबतो, डोकं सपाट बसतं. डोळ्याला फसवायला तेवढं पुरतं. बाजूच्या कडा उघडल्या तर तीन लांब स्क्रू तिथे निघाले. चौथा माझ्या टेबलावर होता. आकडे जुळले.

पॅनेलचा तो कोपरा मी बोटाने खाली ओढून पाहिला. मागची कड अजून स्क्रूंवर होती म्हणून पॅनेल लोंबत राहिलं; वजनदार होतं ते. आणि मग उगाचच समोर पाहिलं, रनवेच्या दिशेला, जिथून दर काही मिनिटांनी एक विमान उठत होतं. सत्तर टन लोखंडी-ॲल्युमिनियमी धूड, आत दीडशेच्या वर माणसं, आणि पुढचे दोन तास खाली नुसता समुद्र. हे सगळं हवेत राहतं. रोज राहतं. बावीस वर्षं मी ते तोंडपाठ असल्यासारखं बघत आले होते. त्या दिवशी मात्र माझे हात आपोआप जोडले गेले. विमानाला जोडले की रघुनाथरावांना, मलाच ठाऊक नाही. ते माझ्या शेजारी वाकून नाण्यावरची धूळ शर्टाला पुसत होते.

"हे कसं कळतं तुम्हाला?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"दाबून बसलेलं झाकण हाताला एक सांगतें, ढिलं दुसरं सांगतें," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "काल मी रजेवर नसतों तर हें झालं नसतं, बाई."

चूक माझी, शोधली त्यांनी, आणि वर अपराधीही तेच. मला इतकी लाज वाटली की मी खाली बघून स्क्रू मोजायला लागले.

एकोणचाळीस नवे स्क्रू आणले. लांबी कॅलिपरने मोजून एकेक बसवला. रघुनाथरावांचा हात फिरला, मग मी सही केली. विमान अडीच तास उशिरा गेलं आणि संध्याकाळी पोर्ट ब्लेअरहून निमूटपणे परत आलं.

चौकशी झाली. सेफ्टीवाल्या अधिकाऱ्याच्या फॉर्मवर चूक का झाली याच्या कारणांची यादी असते: घाई, थकवा, अपुरं ट्रेनिंग, अपुरा उजेड. त्याने पेन यादीवरून खाली नेलं, पुन्हा वर आणलं. "यात बसत नाही हो, मॅडम. 'इतर' मध्ये काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, नको तिथे भक्ती." त्याने 'पद्धतीचं उल्लंघन' असं लिहिलं, तेही खरंच होतं. रघुनाथराव मधेच म्हणाले की स्क्रू सगळ्यांनी मिळून मांडले होते. मी म्हटलं, नाही, मी एकटीने. माझा सहीचा अधिकार तीन महिने काढून घेतला. ते तीन महिने मी कागद तपासले आणि संध्याकाळी रघुनाथरावांकडे नाणं ठोकायला शिकले. अकरापैकी दोन बरोबर येतात. कधी तीन.

नवा नियमही आला. आयुधपूजेला गंध टूलबॉक्सला लावायचं. पिशवी सोडायची नाही. देवाला त्यातलं काही कमी पडत असेल असं वाटत नाही.

नियम निघाला त्याच आठवड्यात कार्तिकेयनने मला एक ईमेल पाठवलं. त्या सकाळच्या विमानातल्या एका प्रवाशाची तक्रार. त्यांची पुढची बोट चुकली होती, हॉटेलचा पहिला दिवस वाया गेला होता आणि केबिन क्रूमधल्या कुणीतरी खरं कारण सांगून टाकलं होतं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती: 'एका स्क्रूसाठी अडीच तास?'

"उत्तराचा मसुदा तुम्हीच करा, मॅडम," कार्तिकेयन म्हणाला. "सॉफ्ट भाषेत."

मी मनापासून माफी मागितली. त्यांचा राग रास्त होता आणि उशिराला कारण मीच होते. मग शेवटच्या ओळीचंही उत्तर दिलं पाहिजे म्हणून लिहिलं, 'एका नाही. चार.'

कार्तिकेयनने ते वाक्य खोडलं.